ट्रायलचं पत्र आलंय? थांब भावा, आधी कॅलेंडर बघ

भाच्याला एक मेल आला होता. स्पेनचा क्लब, वर लोगो, खाली लफ्फेदार सही, आणि मधे लिहिलेलं की तुझा व्हिडिओ आम्हाला आवडला, १८ जूनला ट्रायलला ये, प्रोसेसिंगचे ३ लाख ४० हजार या खात्यात भर. ताई पाटल्या मोडायला तयार, दाजी सोसायटीचं कर्ज काढायला निघालेले, आणि पोरगं तर रात्रभर झोपलंच नव्हतं. सकाळी सगळे माझ्याकडे, कारण मी पेठेच्या टीमकडनं कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर नऊ सीझन स्टॉपर खेळलोय, गुडघा गेल्यावर आता पोरांची कागदपत्रं बघतो, म्हणजे मामाला सगळं कळतं असा घरात समज. कळत मला फारसं नव्हतंच तेव्हा. पण लोगोच्या कडा फाटल्यासारख्या दिसत होत्या, मेल आयडी जीमेलचा होता, खातं एका माणसाच्या नावावरचं सेव्हिंग खातं होतं, आणि मुख्य म्हणजे १८ जून. तो क्लब ज्या डिव्हिजनमधला, तिथले क्लब स्पेनमध्ये जूनच्या मध्यावर सुट्टीवर असतात, ग्राउंडवर गवताची कामं चालू असतात, ट्रायल कोण घेणार, माळी? क्लबच्या वेबसाइटवर जो मेल आयडी होता त्याच्यावर मी तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, दोन दिवसांनी उत्तर आलं की आमचा काही संबंध नाही, पैसे देऊ नका.

तेव्हापासनं पोरं विचारायला येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, क्रमानं.

सगळ्यात आधी वय

१८ पूर्ण नसतील तर विषय संपला. फिफाचा नियम आहे, १८ च्या आत एका देशातनं दुसऱ्या देशात खेळाडूचं रजिस्ट्रेशन होत नाही. अपवाद आहेत, पण आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्याच कारणानं तिकडं राहायला गेले असतील तर, किंवा बॉर्डरजवळ घर असेल तर, असले. युरोपात १६ व्या वर्षी जाता येतं हे जे ऐकतो ते युरोपियन युनियनच्या आतल्या आत जाणाऱ्यांसाठी आहे, कोल्हापूरच्या पोराला ते लागू नाही. आणि हा नियम नुसता कागदावर नाही, २०१४ मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबवर याच कारणानं दोन ट्रान्सफर विंडोची (म्हणजे खेळाडू घ्यायच्या ठरलेल्या मुदतीची) बंदी आली होती. त्यामुळं १५ वर्षांच्या पोराला "युरोपच्या क्लबमध्ये साइन करून देतो" म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे नाही तर चोर. पैसे भरून ॲकॅडमीत ट्रेनिंगला जाणं वेगळं, ती फी भरून केलेली शाळा आहे, त्याला क्लबनं घेतलं असं म्हणत नाहीत. त्यातही जपून, २०२३ च्या जूनमध्ये पोर्तुगालच्या उत्तर भागात अशाच एका ॲकॅडमीवर धाड पडली आणि आतनं परदेशातनं आणलेली कितीतरी पोरं सोडवली.

मग १८ पर्यंत काय करायचं? खेळायचं, आणि कागद तयार करायचे.

कागद

एआयएफएफची, म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशनची, ऑनलाइन रजिस्ट्रेशन सिस्टीम आहे, तिला सगळे सीआरएस म्हणतात. आपल्याकडं केएसए (कोल्हापूरची संघटना) आणि विफातर्फे (राज्याची संघटना) क्लब तिथं नाव घालतो. बारा वर्षांपासनं तू कुठल्या सीझनला कुठल्या क्लबकडं होतास हे सगळं तिथनं निघतं, त्यालाच फिफाच्या भाषेत प्लेयर पासपोर्ट म्हणतात. पेठेत काय होतं, पोरगं खेळतंय ना मग झालं, नाव घालायचं कुणाच्या डोक्यातच नसतं, जन्मतारीख एका ठिकाणी एक आणि आधारवर दुसरी. ही तारखांची भानगड आत्ताच मिटव. वय चोरून अंडर-१५ खेळला असशील तर ते नंतर गळ्यात येणार हे धरून चाल.

खरा पासपोर्ट काढताना दहावीचं सर्टिफिकेट लाव. दहावी नसेल तर पासपोर्ट ईसीआर निघतो आणि १८ देशांत कामाला जायला सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि त्या यादीत आखाती देश तर आहेतच पण मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया पण आहेत, म्हणजे नेमके जिथं आपल्या खेळाडूला खरंच चान्स असतो तेच. फुटबॉलसाठी दहावी सोडलेली दोन पोरं मला माहितीयेत. सतरा नंबर फॉर्म भरून दहावी दे बाबा, एक वर्ष जातंय फक्त.

कुठल्या देशात

इथं सगळ्यांचं गणित चुकतं म्हणून इथं जरा थांबतो. पोरांना विचारलं कुठं जायचंय की इंग्लंड, स्पेन, जर्मनी. देशाचं नाव काय करायचंय? तिथं तुला मॅचमध्ये किती मिनिटं मिळणार ते बघ.

इंग्लंडचं आधी. २००९ ला सुनील छेत्रीचं लंडनच्या क्यूपीआर क्लबशी ठरलं होतं, वर्क परमिट नाकारलं, कारण भारत फिफा रँकिंगमध्ये पहिल्या सत्तरात नव्हता. छेत्रीला नाही मिळालं. आता नियम बदलून पॉइंट सिस्टीम आलीय, १५ पॉइंट लागतात, देशाचं रँकिंग, तू नॅशनल टीमकडनं किती खेळलास, तुझी लीग कुठल्या दर्जाची, असं सगळं मोजतात, आणि आपलं रँकिंग शंभराच्या बाहेर. म्हणजे दार बंदच समज. आणि स्टुडंट व्हिसावर जाऊन तिथल्या छोट्या क्लबकडनं पैसे घेऊन खेळू असं कुणाच्या डोक्यात असेल तर नको, ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर प्रोफेशनल खेळाडू म्हणून काम करायला सक्त मनाई आहे, व्हिसाही जाईल आणि डिग्रीही.

हॉलंडमध्ये युरोपबाहेरच्या खेळाडूला तिथल्या टॉप लीगच्या सरासरी पगाराच्या १५० टक्के पगार द्यावा लागतो, १८-१९ वर्षांच्याला त्याच्या निम्मा. कोण देणार तुला तेवढे? जर्मनीत महिन्याला ४ हजार युरोच्या वर पगार दाखवल्याशिवाय खेळाडूचा परवाना नाही, आणि खालच्या डिव्हिजनचे क्लब कित्येकदा काही शे युरो देतात, त्यामुळं "जर्मनीच्या पाचव्या डिव्हिजनमध्ये सेट करून देतो" हे ऐकलं की हसून फोन ठेव. स्पेनच्या ला लिगात युरोपबाहेरचे तीनच खेळाडू एका मॅचच्या टीममध्ये चालतात, त्या तीन जागांवर ब्राझीलवाले बसलेले असतात.

मग आपली माणसं गेली कुठं ते बघ. बायचुंग भुतिया १९९९ ला इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवरच्या क्लबला गेला, त्याच्या आधी मोठ्या क्लबांच्या ट्रायल देऊन झाल्या होत्या, शेवटी जो क्लब मिळाला त्याचं नाव बरी. बरी तर बरी! पण खेळला, गोल पण केले, आणि नंतर मलेशियात पेराकला गेला. गुरप्रीत सिंग संधू २०१४ ला नॉर्वेच्या स्टाबेकला गेला आणि लीगमधली पहिली मॅच मिळायला २०१६ उजाडलं. जवळजवळ दोन वर्षं बाकावर, उणे तापमानात, तेही गोलकीपर म्हणजे पळून अंग गरम करायची पण सोय नाही. पण त्याच वर्षी तो युरोपा लीगच्या क्वालिफायरमध्ये खेळला, तिथं खेळलेला पहिला भारतीय. छेत्री २०१२ ला पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला गेला, केवढं नाव, पण बी टीमकडनं मोजून तीन मॅच, आणि सीझन संपायच्या आत लोनवर, म्हणजे उसना, गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडं परत. संदेश झिंगन २०२१ ला क्रोएशियात शिबेनिकला गेला, ट्रेनिंगमध्येच दुखापत, एकही मॅच न खेळता जानेवारीत माघारी. यात कुणाचा दोष म्हणून सांगत नाही, ही देशातली सगळ्यात तयार पोरं होती तरी असं झालं, म्हणून तू जाताना काय विचारायचं ते सांगतोय. माझ्या जागेवर अजून किती जण आहेत? कोच मला बघून घेतोय की क्लबच्या मालकाला भारतातनं फॉलोअर पाहिजेत? हे विचार. लाजू नको.

मुलींना उलट दारं जास्त उघडी आहेत आणि आपल्याकडं त्याबद्दल कुणी बोलत नाही. बाला देवी २०२० ला ट्रायल देऊन स्कॉटलंडच्या रेंजर्सला गेली. मनीषा कल्याण २०२२ ला गोकुलम केरळातनं सायप्रसच्या अपोलॉन लेडीजला गेली आणि त्याच ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगच्या मॅचमध्ये उतरली. यातली हुशारी बघ, सायप्रस म्हणजे पिटुकला देश, पण तिथला चॅम्पियन क्लब युरोपच्या क्वालिफायरला जातो, आणि ती मॅच सगळे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी क्लबांची माणसं, बघतात. पुढं ती ग्रीसमध्ये पाओकला गेली. मोठ्या देशाच्या चौथ्या डिव्हिजनपेक्षा छोट्या देशाचा पहिल्या नंबरचा क्लब कधीही चांगला.

इंग्लंडच्या ब्लॅकबर्नचं पण विचारतात, कारण त्या क्लबचे मालक पुण्याचे व्यंकीज, २०१० पासनं. आपला अनिकेत जाधव, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप खेळलेला कोल्हापूरचा पोरगा, तिथं काही महिने ट्रेनिंगला जाऊन आला. ट्रेनिंगला. मालक मराठी मुलखातला आहे म्हणून वर्क परमिटचे १५ पॉइंट काही कमी होत नाहीत.

गोव्याच्या पोरांसाठी एक वेगळा फाटा आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथं जन्मलेल्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगालचा पासपोर्ट मागू शकतात, आणि तो असला की युरोपातला परदेशी कोटा, पगाराची अट, सगळं गळून पडतं. पण आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही. तो घेतला की भारताचा गेला, आणि भारताचा गेला की ब्लू जर्सी गेली. पुणे एफसीकडं खेळणाऱ्या अराता इझुमीनं उलटं केलं होतं, जपानचा पासपोर्ट सोडला आणि भारताकडनं खेळला. निर्णय ज्याचा त्याचा, फक्त घरात बसून नीट बोलून घ्या, एजंटच्या गाडीत बसून नको.

व्हिडिओ आणि एजंट

व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा, त्याच्यावर गाणं नको, स्लो मोशन नको. सुरुवातीला तुझ्यावर बाण दाखव नाही तर स्काउट दुसऱ्यालाच बघत बसेल. गोल कमी आणि बॉल नसताना तू काय करतोस ते जास्त, आणि खाली दोन पूर्ण मॅचची लिंक. पूर्ण मॅच मागतातच, कारण पाच मिनिटांत सगळेच मेस्सी असतात. आणि शाहू स्टेडियमवरच्या चिखलातल्या मॅचपेक्षा देशपातळीवरच्या लीगची किंवा यूथ लीगची मॅच टाक, समोरचा डिफेंडर कोण होता त्यावरनं तुझी किंमत करतात.

एजंटला २०२३ पासनं फिफाची परीक्षा पास होऊन लायसन्स घ्यावं लागतं, आणि यादी फिफाच्या वेबसाइटवर आहे, नाव टाकायचं आणि बघायचं, दोन मिनिटांचं काम. त्याच्याशी करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा. त्याचे पैसे तुझ्या पगारातनं टक्क्यात, फिफाच्या नियमात वर्षाला २ लाख डॉलरपर्यंतच्या पगारावर ५ टक्के असा आकडा आहे (त्यावर युरोपात कोर्टकचेऱ्या झाल्यात, तो भाग सोड). मुद्दा एवढाच की तुला पगार मिळाला तर त्याला मिळणार. आधी पैसे मागणारा एजंट नसतो, तो ट्रॅव्हल कंपनीवाला असतो.

ट्रायल

खऱ्या ट्रायलचं पत्र क्लबच्या डोमेनवरनं येतं, त्यात तारखा असतात, राहायची सोय कोण करणार ते असतं, सही करणाऱ्याचं पद असतं. तू क्लबला स्वतः फोन करून खात्री कर. तारीख त्यांच्या सीझनला जुळते का बघ. नॉर्वे-स्वीडनचा सीझन वसंतात सुरू होऊन हिवाळ्याच्या तोंडावर संपतो, बाकीच्या बऱ्याचशा युरोपचा ऑगस्ट ते मे. ट्रायलला शॉर्ट व्हिसावर जातात, शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवस, आणि त्या व्हिसावर पगार घेऊन खेळता येत नाही. कॉन्ट्रॅक्ट मिळालं तर बहुतेक वेळा परत येऊन लाँग व्हिसा काढावा लागतो, म्हणजे परतीचं तिकीट आणि दोन महिने धीर दोन्ही जवळ ठेव.

जायच्या आधी तिथल्या ग्राउंडची चौकशी कर. नॉर्वेत कितीतरी क्लब आर्टिफिशियल टर्फवर खेळतात, तिथं लांब लोखंडी स्टडचे बूट घालून गेलास तर पहिल्याच दिवशी गुडघा बोलेल. इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या ओल्या मऊ मातीत मात्र तेच लागतात. एक जोडी नवी असेल तर इथंच पंधरा दिवस घालून मोडून ने, ट्रायलला नवे बूट म्हणजे टाचेला फोड.

कॉन्ट्रॅक्ट

इथं घाई करू नको. मी आत्तापर्यंत चार कॉन्ट्रॅक्ट हातात घेऊन वाचलीत, चारही वेळा पोराचं बोट पगाराच्या आकड्यावर आणि नजर तिथंच. आकड्याच्या पुढं नेट लिहिलंय की ग्रॉस ते बघ आधी. ग्रॉस असेल तर टॅक्स जाऊन कधी कधी निम्म्यालाच हात लागतो. मग घर कोण देणार, दोघांत एक खोली की स्वतंत्र, वर्षाला विमानाची तिकिटं किती, दुखापत झाली तर ऑपरेशन कुणाच्या खर्चानं आणि तेवढे महिने पगार पूर्ण का. हे सगळं तोंडी "हो हो" म्हणतात. कागदावर घे. कागद त्यांच्या भाषेत असेल तर ट्रान्सलेशन माग, सर्बियन काय आपल्याला येत नाही.

फिफाचे काही नियम तुझ्या बाजूनं आहेत ते पाठ कर. कॉन्ट्रॅक्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचं, १८ च्या आत तीनच. सही झाल्यावर "मेडिकलमध्ये फेल झालास" किंवा "वर्क परमिट आलं नाही, म्हणून कॉन्ट्रॅक्ट रद्द" असं क्लबला म्हणता येत नाही, या दोन गोष्टींवर कॉन्ट्रॅक्ट टांगून ठेवायला मनाई आहे, मेडिकल करायची तर सहीच्या आधी करा. आणि दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन १५ दिवस वाट बघायची, तरी नाही दिला तर तू कॉन्ट्रॅक्ट तोडून मोकळा होऊ शकतोस आणि फिफाकडं दाद मागू शकतोस. लेखी म्हणजे लेखी. व्हॉट्सॲपवर "सर सॅलरी प्लीज" याला नोटीस म्हणत नाहीत. आपल्याकडं फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया आहे, खेळाडूंची संघटना, तिथं विचारून बघ. क्लबची परिस्थिती पण बघ, भुतियाचा तो बरी क्लब २०१९ ला पैशाच्या घोळामुळं लीगमधनंच काढून टाकला, शंभर वर्षांहून जुना क्लब.

अजून एक लफडं म्हणजे ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन. २३ वर्षांच्या आतला खेळाडू बाहेर पहिल्यांदा प्रोफेशनल झाला की त्याला घडवणाऱ्या क्लबांना नव्या क्लबनं पैसे द्यायचे असतात, युरोपात क्लबच्या कॅटेगरीप्रमाणं वर्षाला १० हजारापासनं ९० हजार युरोपर्यंतचे आकडे लावतात, फक्त सगळ्यात खालच्या कॅटेगरीच्या क्लबला काही द्यावं लागत नाही. त्यामुळं छोटा क्लब म्हणतो, पोरगं आवडलंय पण तुमच्या जुन्या क्लबकडनं सोडचिठ्ठी आणा, म्हणजे हे पैसे आम्हाला नकोत असं पत्र. मग पोरगं इकडं येऊन जुन्या सेक्रेटरीच्या दारात. म्हणून क्लब सोडताना भांडून सोडू नको, आणि ती सोडचिठ्ठी देणार असतील तर तेव्हाच लिहून घे. मुलींच्या फुटबॉलला हे लागू नाही, हे पण त्यांची दारं उघडी असायचं एक कारण. शेवटी नव्या देशाचं असोसिएशन आपल्या एआयएफएफकडं आयटीसी, म्हणजे ट्रान्सफरचं सर्टिफिकेट, मागतं, ते ऑनलाइन होतं, तू काही करायचं नसतं, फक्त विंडो बंद व्हायच्या शेवटच्या दिवसावर ढकलू देऊ नको.

तिथं गेल्यावर

बँक खातं आणि रेसिडन्स कार्ड पहिल्या आठवड्यात मागं लागून करून घे. घरनं औषधांचा डबा देतात, त्यातलं खोकल्याचं सिरप काढून ठेव, टर्ब्युटालिन असलेली औषधं आपल्याकडं कुठल्याही मेडिकलात मिळतात आणि डोप टेस्टमध्ये पॉझिटिव्ह येतात. आयुर्वेदिक पावडरी, जिमवाल्यानं दिलेले डबे, सगळं इथंच. काही घ्यायचं तर टीमच्या डॉक्टरला दाखवून. भारतातल्या टॅक्सचं वर्षात १८२ दिवसांच्या हिशोबावर ठरतं, त्याला एक सीए गाठ, भावकीतला नको.

कांदा-लसूण मसाला मात्र ने, अर्धा किलो, घट्ट पाकिटात. आणि भाषा शीक. पहिली शंभर वाक्यं सोड, पहिले दहा शब्द शीक, मागे माणूस आहे, वळ, सोड, थांब, माझा. ग्राउंडवर तेवढेच लागतात, आणि ते न कळल्यामुळं बॉल गेला की कोच परत विचारत नाही, बदलतो.

भाचा सध्या गोव्यात एका क्लबकडं आहे, राइट बॅक. परवा त्याला परत एक मेल आला, या वेळेला माल्टाचा. त्यानं मला फॉरवर्ड केला तेव्हा खाली स्वतःच लिहिलं होतं, "मामा, डोमेन बरोबर आहे, तारीख जुलैची आहे, एजंट लिस्टमध्ये आहे, पैसे मागितले नाहीत. राइट बॅक त्यांच्याकडं तीन आहेत. विचारू का अजून?"

विचार म्हटलं.